धाडसाचा पत्ता

१९८० च्या मे महिन्यात मी आणि माझा एक मित्र फास्टर फेणेचं घर शोधायला गेलो होतो. सातवीची परीक्षा संपली होती. कोपऱ्यावरच्या दुकानातून तासावर दोन सायकली घेतल्या, 'पर्वतीपर्यंत जाऊन येतो' असं दुकानदाराला सांगितलं आणि थेट हडपसरच्या रस्त्याला लागलो. भा. रा. भागवतांनी बनेश फेणेचं गाव फुरसुंगी म्हणून लिहून ठेवलं होतं. तेव्हा फुरसुंगी गाठली की फेण्यांचा वाडा सापडणार, याबद्दल आम्हाला तिळमात्र शंका नव्हती.

गावाबाहेर एक म्हातारबाबा कांदा निवडत बसले होते. त्यांना विचारलं, "बाबा, फेण्यांचं घर कुठं आलं?" त्यांनी आम्हाला आणि आमच्या सायकलींना न्याहाळलं. म्हणाले, "फेणे? फेणे न्हाईत हितं कुनी. हरपळे हायेत, कामठे हायेत. काय काम काढलं?" काय काम काढलं, हे काही आम्हाला सांगता येईना. पाणी प्यायलो, तासभर उगाच गल्ल्यांतून हिंडलो आणि परतीला लागलो, तर मित्राच्या सायकलचं मागचं चाक बसलं. हडपसरपर्यंत सायकल ढकलत आणावी लागली. सहा तासांचं भाडं झालं, वर पंक्चरचे पैसे. घरी जे व्हायचं ते झालं.

त्या रात्री मी गणिताच्या वहीच्या मागच्या बाजूनं लिहायला बसलो आणि अकरा पानं लिहिली. त्यात पंक्चर आपोआप झालेलं नव्हतं. रस्त्यात कुणीतरी खिळा मुद्दाम टाकला होता. आणि ते म्हातारबाबा नुसते कांदा निवडणारे नव्हते, हे चाणाक्ष वाचकाला तिसऱ्या पानावरच कळावं अशी मी तजवीज केली होती. त्याआधी शाळेत निबंध पुष्कळ लिहिले होते, त्यांना गुणही बरे मिळत. पण कुणी न सांगता, कुणाला न दाखवण्यासाठी लिहिलेली ही पहिली अकरा पानं.

मुलांसाठी धाडसकथा लिहू पाहणाऱ्यांसाठी आणि मुलांना अशा कथा लिहायला बसवू पाहणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. लेखनाचे धडे त्यात आहेत, कार्यशाळांतले अनुभव आहेत आणि मुलांनी लिहिलेल्या काही गोष्टीही आहेत. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्या अकरा पानांचाच आहे. त्या काळात मी परीकथा वाचल्या होत्या, चांदोबातला विक्रम-वेताळ वाचला होता, टारझन वाचला होता. त्यातलं काही वाचून मी कधी वही उघडली नाही. फास्टर फेणे वाचून उघडली. का?

माझं उत्तर साधं आहे. त्या गोष्टीला पत्ता होता. टारझनच्या जंगलात मला कुणी सोडणार नव्हतं, पण फुरसुंगीला सायकल जात होती. जिथं आपली सायकल जाते तिथं आपली गोष्टही जाऊ शकते, असं मुलाच्या मनात कुठंतरी बसतं.

भागवतांची गंमत अशी, की जगभरची धाडसं त्यांना तोंडपाठ होती. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणताना त्यांच्या लेखणीनं मुलांना चंद्रावर नेलं, भूगर्भात उतरवलं, धूमकेतूवर मुक्कामाला पाठवलं. 'बालमित्र' हे मुलांचं मासिक त्यांनी चालवलं. अशा माणसाला नायकासाठी एखादं रुबाबदार गाव सहज सुचलं असतं. त्यांनी घेतलं पुण्याशेजारचं फुरसुंगी. नायकाला दिलं काय? बारकुडी शरीरयष्टी, भन्नाट पळणारे पाय, सायकल, आणि तोंडानं 'टॉक्' असा आवाज काढायची सवय. पुण्यातली विद्याभवन शाळा, तिथलं वसतिगृह, सुभाष देसाईसारखा मित्र. वीस पुस्तकांत हा मुलगा प्रतापगडावर गेला, काश्मीरला गेला, विमानचोरांच्या मागे लागला. पण निघाला प्रत्येक वेळी आपल्याच वेशीतून. भागवत २००१ मध्ये गेले. दूरदर्शनवर मालिका येऊन गेली, २०१७ मध्ये सिनेमाही आला आणि त्यात दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतांचंच पात्र रंगवलं. फुरसुंगीचं नाव मात्र आता वर्तमानपत्रात कचरा डेपोच्या बातम्यांत जास्त वाचायला मिळतं. आजच्या एखाद्या फेणेला त्या डेपोत एक सोडून दहा कथा सापडतील. अजून कुणी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत.

पत्ता म्हणजे नुसतं गावाचं नाव नव्हे, हे सांगायला हिरकणी बरी. मराठी मुलाच्या कानावर पडणारी पहिली धाडसकथा बहुधा हीच असते. आख्यायिका आहे, इतिहासाचा दाखला तिला नाही. पण गोष्ट म्हणून तिची बांधणी बघा. गडावर दूध घालायला आलेली गवळण. संध्याकाळी दरवाजे बंद होणार आणि सकाळपर्यंत उघडणार नाहीत, हा नियम. खाली घरी तान्हं मूल. आणि मधे कडा. एवढं चार वाक्यांत सांगितलं की पुढं काय होणार हे ऐकणाऱ्या मुलाला कळतं, तरी ते श्वास धरून ऐकतं. हिरकणी शूर होती असं गोष्ट कुठंच म्हणत नाही. तिला घरी जायचं होतं. नियम, निकड आणि कडा या तीन गोष्टी असल्या की शौर्याचं वर्णन करावं लागत नाही. आणि ही तीन हाडं इतकी उघडी आहेत, की कुठलंही मूल त्यांवर स्वतःचं मांस चढवू शकतं. रायगडाच्या रज्जुमार्गाचं खालचं ठाणं आज हिरकणीवाडीलाच आहे. तिथल्या रांगेत उभं असताना एका चिमुरडीनं आईला विचारलेलं मी ऐकलं, "तिच्याकडे बॅटरी होती का?" आईनं 'गप्प बस' म्हटलं. माझ्या मते त्या मुलीनं कथेची दुसरी आवृत्ती लिहायला घेतली होती.

मुलांच्या गोष्टी लिहिणारे लोक पात्रापासून सुरुवात करतात. मी नकाशापासून करा असं म्हणतो, आणि त्याला एक जुना आधार आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार या गावी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन पावसानं घरात अडकून पडला होता. बरोबर त्याचा सावत्र मुलगा लॉइड, शाळकरी पोरगा, रंगपेटी घेऊन चित्रं काढत बसायचा. त्याच्या नादानं स्टीव्हन्सननं एका बेटाचा नकाशा रंगवला. त्यात खाड्या घातल्या, टेकड्या घातल्या, त्यांना नावं दिली. मग त्या नकाशाकडे बघता बघता झाडीतून माणसं डोकावायला लागली. 'ट्रेझर आयलंड' जन्मली ती अशी. रोज एक प्रकरण लिहायचं आणि घरात वाचून दाखवायचं, असा क्रम. स्टीव्हन्सनचे वडील पेशानं अभियंते, पण तेही या खेळात ओढले गेले. एका खलाशाच्या पेटीत काय काय सापडतं याची यादी त्यांनी बसून तयार करून दिली आणि एका जहाजाचं नावही सुचवलं. पंधरा प्रकरणं अशी भराभर झाली आणि मग गाडी अडली. पुढचं सारं नंतर, स्वित्झर्लंडमधल्या दावोसला गेल्यावर. पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा मूळ नकाशा प्रकाशकाकडे जाताना हरवला, आणि स्टीव्हन्सनला स्वतःची कादंबरी पुन्हा वाचून, अंतरं आणि दिशा जुळवत दुसरा नकाशा काढून घ्यावा लागला. पहिल्याची सर या दुसऱ्याला आली नाही, ही रुखरुख त्यानं नंतर लिहून ठेवली आहे.

मला या हकिकतीतलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की मूल तिथं श्रोता म्हणून नव्हतं, भागीदार म्हणून होतं. आमच्या कार्यशाळेत पहिले दोन तास एक अक्षर लिहायचं नाही, असा आता नियम आहे. फक्त आपल्या घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायचा आणि त्यात तीन जागा दाखवायच्या: जिथं जायला बंदी आहे ती, जिथं आपण लपू शकतो ती आणि जिथं काय आहे हे कुणालाच माहीत नाही ती. बंदी असलेली जागा दाखवताना मुलांच्या पेन्सिली किती जोरानं चालतात, हे बघण्यासारखं असतं. पडका वाडा, रेल्वेचा बोगदा, कॅनॉलचं गेट, सोसायटीची पाण्याची टाकी, बंद पडलेली गिरणी. तिसऱ्या प्रकारची जागा शहरातल्या मुलांना लवकर सुचत नाही. एका मुलानं शेवटी आपल्या इमारतीच्या लिफ्टचा खड्डा दाखवला.

इथं कुणी म्हणेल, की मग दूरदेशीच्या धाडसांचं काय करायचं? बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांची 'चांदेर पाहाड़' घ्या. १९३७ सालची ही बंगाली कादंबरी आफ्रिकेत घडते, आणि बिभूतिभूषण आफ्रिकेला कधीही गेलेले नव्हते. प्रवासवर्णनं आणि भूगोलाची पुस्तकं वाचून त्यांनी सिंह, ज्वालामुखी, वाळवंट सगळं उभं केलं. म्हणजे माझा पत्त्याचा सिद्धांत इथं आडवा व्हायला हवा. पण कादंबरी सुरू कुठून होते? बंगालमधल्या खेड्यातून. शिकलेला, अंगानं दणकट शंकर, घरची परिस्थिती बेताची, आणि समोर ज्यूट गिरणीतल्या कारकुनीचं ताट वाढून ठेवलेलं. त्या ताटावरून तो उठतो, इथंच खरं धाडस होऊन जातं. सिंह नंतरचे. वाचणारं मूल आफ्रिकेला जाणार नसतं, पण ते कारकुनीचं ताट त्याच्याही घरात कुणीतरी वाढायला घेतलेलं असतं. पत्ता मुक्कामाचा असला नसला तरी चालतो, निघण्याचा मात्र हवा, एवढी दुरुस्ती मी बिभूतिबाबूंमुळे केली आहे.

आता माझ्या चुकीबद्दल. पहिली कार्यशाळा घेतली तेव्हा मी फळ्यावर विषय लिहिला होता: 'माझे धाडस'. एकतीस मुलं होती आणि एकतीस गोष्टी आल्या. त्यांतल्या बहुतेकींत चोर आले, मुलानं त्यांना पकडून दिलं, पोलिसांनी पाठ थोपटली, आणि २६ जानेवारीला बक्षीस मिळालं. तीन गोष्टींत नदीत बुडणाऱ्याला वाचवलं होतं, पुढं पुन्हा २६ जानेवारी. सगळ्यांच्या शेवटी 'तात्पर्य' होतं, कुणीही न मागता. संध्याकाळी ते गठ्ठे वाचताना मला मुलांचा राग आला, मग उलगडलं की हे मुलांनी लिहिलेलंच नाही. आम्ही मोठ्यांनी त्यांच्याकडून वर्षानुवर्षं जे लिहवून घेतलं, तेच त्यांनी सभ्यपणे परत केलं होतं. 'माझा आवडता ऋतू' लिहून घेणाऱ्यांना 'माझे धाडस'ही ऋतूसारखंच मिळणार.

त्यात भाषेचाही एक जुना पेच आहे. साहस या शब्दाला संस्कृतात चांगला वास नाही. धर्मशास्त्रात तर साहस म्हणजे बळजबरीचा गुन्हा. मराठीत शब्द सुधारला, पण आपल्या घरांमधून अजून पुरता सुधारलेला नाही. 'नसतं साहस करू नकोस' हे वाक्य जितक्या वेळा कानी पडतं, तितक्या वेळा 'कर' हे पडत नाही. म्हणून मूल धाडस लिहितं तेव्हा आधी त्याला परवानगीचा शिक्का मारून घेतं. पोलिसांची पाठीवरची थाप हा तो शिक्का. मी या पुस्तकात 'साहसकथा' न म्हणता 'धाडसकथा' म्हणतो, त्यामागं एवढंच कारण. धाडस हा शब्द अंगणातला आहे.

पुढच्या वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या एका वस्तीशाळेजवळ आम्ही चार दिवस होतो. तिथं सहावीतल्या एका मुलानं लिहिलेली गोष्ट सांगतो. रात्रीची लाईट. तो वडिलांबरोबर उसाला पाणी द्यायला गेला आहे. वडील विहिरीवर मोटरपाशी आणि हा पोरगा बॅटरी घेऊन लांब उसात, दारं धरायला. एक सरी भरली की दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडायचं, हे काम. मधेच पाटातलं पाणी कमी होतं आणि थांबतं. पोरगा विचार करतो: लाईट गेली असेल. पण शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू आहे, तिचा आवाज येतो आहे. म्हणजे लाईट आहे. म्हणजे आपलीच मोटर बंद झाली. मग वडिलांनी हाक का मारली नाही?

हा प्रश्न त्यानं लिहिला आणि खाली एक ओळ मोकळी सोडली. मी बरीच गुप्तहेरकथा वाचली आहे, बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडवर माझं बालपण गेलं आहे, पण त्या मोकळ्या ओळीनं माझ्या अंगावर काटा आला.

तो बॅटरी विझवतो. उसातून, पात्यांचा आवाज होऊ नये म्हणून पाटाच्या ओल्या काठानं, विहिरीकडे जातो. वडील डीपीकडे गेलेले असतात, फ्यूज बघायला. आणि विहिरीवर दोन माणसं केबल कापत असतात. केबल जाळून आतलं तांबं भंगारात विकतात, हे त्या मुलाला ठाऊक आहे, त्यानं ते अर्ध्या वाक्यात सांगून टाकलं आहे. मग तो काय करतो? काही करत नाही. उसात बसून राहतो आणि मोजतो. माणसं दोन. गाडी एक, मागची पाटी नाही. तिसऱ्या किकला चालू झाली. दुसऱ्या माणसाच्या पायात एकच चप्पल. चोर निघून जातात. शेवटचं वाक्य असं, की बापानं उसनवारी करून नवी केबल आणली आणि ऊस वाळला नाही.

चार पानांची ही गोष्ट त्यानं आपल्या मास्तरांना दाखवली होती. मास्तर वाईट नव्हते, उलट मुलांसाठी झटणारे होते. त्यांनी तांबड्या शाईनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. 'दारं धरायला' खोडून 'पाणी देण्यासाठी' केलं. 'लाईट'चं 'वीजपुरवठा' झालं. आणि खाली शेरा: 'शेवट अपूर्ण. चोर पकडले गेले का? तात्पर्य लिहा.' पोरगा मला म्हणाला, "सर, चोर घावलेच न्हाईत, तर लिव्हू कसं?"

या पुस्तकाचं चौथं प्रकरण त्या शेऱ्याला दिलेलं उत्तर आहे. शुद्धलेखन शिकवू नये असं माझं म्हणणं नाही, तसं म्हणणाऱ्यांशी माझं पटतही नाही. पण 'दारं धरणं' आणि 'पाणी देणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी झारीनंही देता येतं. अंधारात, गुडघाभर चिखलात, उसाच्या सरीत एकटं उभं राहून जे करतात त्याला शब्द एकच आहे. तो काढून घेतला की गोष्टीतला अंधारही निघून जातो. भाषा नेमकी हवी, असं आपण मुलांना सांगतो आणि त्यांच्याकडचे सगळ्यांत नेमके शब्द आपणच खोडतो.

गिजुभाई बधेकांच्या 'दिवास्वप्न'मधला शिक्षक वर्ग ताब्यात यावा म्हणून गोष्ट सांगायला सुरुवात करतो, आणि मुलांना गोष्टींची चटक लागली की पुस्तकं त्यांच्यासमोर ठेवतो. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून ताराबाई मोडक महाराष्ट्रात परतल्या, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला त्यांनी मुलांचं काम उभं केलं, त्यामुळे हा धागा आपल्याला परका नाही. गोष्टीतून वाचनाकडे, ही वाट त्यांनी घालून दिली. वाचनातून लेखनाकडे जाणारी वाट मात्र आपण अजून पुरती मळलेली नाही.

मोठ्या माणसांची अडचण हा धाडसकथेतला कायमचा प्रश्न आहे. आईवडील हजर असतील तर मुलाला धाडस करायला मिळत नाही, म्हणून त्यांना आधी बाहेर काढावं लागतं. इंग्रजी गोष्टींत त्यासाठी बोर्डिंग स्कूल असतं, भागवतांनी फेणेला वसतिगृहात ठेवलं. मराठी मुलांच्या गोष्टींनी याहून झकास सोय शोधली होती: आजोळ. मे महिना, एसटी, मामाचा गाव. तिथं आईवडील नसतात, पण आजी असते. जागा अनोळखी असते, पण परकी नसते. माळा असतो, विहीर असते, आणि कुणालाही न सांगता बाहेर पडायला परसदार असतं. आजोळं आता फ्लॅटमध्ये आली आणि परसदार गेलं. वर मोबाइल आला. मुलांनी यावर स्वतःच तोड काढली आहे. गेल्या तीन वर्षांत माझ्याकडे आलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत दुसऱ्या परिच्छेदाच्या आत मोबाइलची बॅटरी उतरते, नाहीतर रेंज जाते. मोबाइलमुळे मुलं वाचत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर बघावं. गोष्ट सुरू करायची तर तो बंद पाडावा लागतो, हे पोरांना कुणी शिकवलेलं नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, आणि सहाव्या प्रकरणात मी लिहिलं आहे. इथं एकच सांगतो. बीडहून ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातली एक मुलगी एका वर्षी आमच्यात होती. तिची गोष्ट दोन पानांची. पहाटे तीनला आईबाप गाडी भरायला फडात गेलेले, ही आणि तिचा धाकटा भाऊ कोपीत. बाहेर काहीतरी चालतंय. कुत्रं भुंकायचं थांबलेलं. उसात बिबट्या असतो हे सगळ्यांना माहीत. ती भावाच्या तोंडावर हात ठेवते आणि दुसऱ्या हातानं पातेल्यावर उलथनं वाजवत राहते, उजाडेपर्यंत. मधे मधे हात बदलते. हात बदलल्याचा उल्लेख तिनं तीनदा केला आहे.

ही धाडसकथा म्हणायची का, यावर आमच्यात वाद झाला. माझं मत नाही असं होतं, अजूनही अर्धंमुर्धं तेच आहे. फेणे संकटात उडी मारतो ती आपण होऊन. या पोरीला कुणी विचारलं नव्हतं. शाळेत असायच्या दिवसांत तिला कोपीत राहावं लागतं, आणि तिच्या निरुपायाला आपण धाडस म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे मला पटेना. मी तसं बोललोही. तिनं वही माझ्या हातातून घेतली, वर मथळा लिहिला नव्हता तिथं 'धाडस' असं लिहिलं आणि वही परत दिली. लेखकानं दिलेला मथळा बदलायचा मला अधिकार नाही, म्हणून या पुस्तकात तो तसाच आहे.

वाचनातून लेखन उगवतं याचे दाखले शोधत बसलो तर जगात पुष्कळ सापडतील. माझ्या आवडीचा एक. १८२६ च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या हॉवर्थ या गावच्या पाद्र्यानं आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. घरात सहा ते दहा वर्षांची चार भावंडं. त्यांनी शिपायांना नावं दिली, देश दिले, लढाया दिल्या, आणि घरात येणाऱ्या मासिकांची नक्कल करत शिपायांच्या हाताला पेलतील अशी काडेपेटीएवढी पुस्तकं शिवून त्यात बारीक अक्षरात सगळं लिहून काढलं. कागद मिळेल तो, रद्दीतला. ती भावंडं म्हणजे ब्राँटे. पुढं त्यांतल्या तिघी बहिणी कादंबरीकार झाल्या. पण मला त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा त्या काडेपेटीएवढ्या पुस्तकांचा हेवा वाटतो. मोठ्यांना वाचता येऊ नये इतकं बारीक अक्षर! तपासायला कुणी नसलं की मूल किती लिहितं बघा.

आणि वाचायला मिळालं तरच हे सगळं. आपल्याकडे मुलांच्या मासिकांची परंपरा दांडगी आहे. विनायक कोंडदेव ओकांचं 'बालबोध' १८८१ चं, म्हणजे स्टीव्हन्सन नकाशा रंगवत होता त्याच वर्षीचं. वा. गो. आपट्यांचा 'आनंद' १९०६ चा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं आहे. पण मी ज्या शाळांत गेलो त्यांतल्या निम्म्याअधिक शाळांत गोष्टींची पुस्तकं काचेच्या कपाटात होती आणि कपाटाला कुलूप होतं. एका ठिकाणी किल्ली ज्यांच्याकडे ती व्यक्ती दोन महिने रजेवर होती. पुस्तकं फाटतात, ही तक्रार मी सगळीकडे ऐकली. फाटू द्या. धाडसकथेचं पुस्तक वर्षभर कोरं करकरीत राहिलं तर शरम त्याची वाटायला हवी.

हे पुस्तक कसं वापरायचं, यासाठी दोन शब्द. शिक्षक असाल तर दुसरं आणि चौथं प्रकरण आधी वाचा. स्वतः लिहिणारे असाल तर तिसऱ्यापासून सुरुवात केलीत तरी बिघडत नाही, बांधणीचं सगळं तिथं आहे. पालक असाल तर प्रकरणं राहू द्या, मुलांच्या गोष्टी तेवढ्या मोठ्यानं वाचा, आणि वाचताना मधेच थांबलात तर पुढं काय झालं ते लगेच सांगू नका. मुलांच्या गोष्टींतली भाषा आम्ही बदललेली नाही. 'दारं धरायला' तिथं आहे, 'लाईट' आहे, 'घावलेच न्हाईत'ही आहे. शेवटची बारा पानं कोरी आहेत, ती छपाईची चूक नाही. पहिलं पान नकाशासाठी आहे, तो पेन्सिलनं काढावा. पुस्तक ग्रंथालयाचं असलं तरी काढावा.